एका टाकीत किती गावं

गाडी किती देते असं विचारलं की सगळं जग किलोमीटरमध्ये उत्तर देतं. माझे नेरचे घरमालक गावांमध्ये द्यायचे.

"टाकीत चौदा गावं देते," ते सांगायचे आणि समोरच्याचा गोंधळलेला चेहरा पाहून दाढीतल्या दाढीत हसायचे.

सगळं नेर त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. कापसाच्या सरकारी खरेदीत ग्रेडर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. म्हणजे गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगायची. निवृत्त झाल्यावर माणसं घर बांधतात, हजला जाऊन येतात, नातवंडं खेळवतात. चाचांनी नागपूरच्या एका डॉक्टरांची जुनी हायब्रिड गाडी घेतली. लांबलचक, चंदेरी आणि बसकी. पुढे पेट्रोलचं इंजिन, सोबत विजेची मोटर, आणि मागच्या सीटच्या पाठीशी एक भली मोठी बॅटरी. ती बॅटरी बसली तर गाडीपेक्षा महाग पडेल या धास्तीने डॉक्टरांनी गाडी काढली होती, आणि दुसरं कुणीच घेईना म्हणून ती चाचांच्या पदरात पडली.

नेरच्या लोकांना या गाडीचं मोठं कुतूहल. बाजारात कुणीतरी हमखास विचारायचं, "चाचा, चार्जिंगले कुठं लावता हो?"

"लावत नाई न बाप्पा! हे का मोबाईल हाय?" चाचा उखडायचे. "उतार लागला, ब्रेक दाबला, का आपलं आपलं कमावते. कमावून खाणारी गाडी हाय हे. तुह्यासारखी नाई."

मी तेव्हा कृषी सहायक होते. साताऱ्याकडची, तोंडाने फटकळ, आणि पहिलीच नेमणूक घरापासून इतक्या लांब झाल्यामुळे सदा नाकावर राग. चाचांच्या घराची वरची खोली मला मिळाली होती. ती कापसाची फार वाईट वर्षं होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याएवढी, बोंड वरून हिरवंगार, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. मी गावोगाव अळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे वाटत फिरायचे आणि शिव्या खाऊन यायचे. एका म्हाताऱ्याने तर मला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, सापळे अळीसाठी हायेत का आमच्यासाठी?" चाचींना येऊन सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या आणि मला मुगाची खिचडी वाढली.

अशा दिवसांत चाचांचा रविवारचा फेरा सुरू असायचा. एखाद्या गावात जायचं, कुणाच्या तरी ओसरीवर पांढरी चादर अंथरायची आणि बायकांना गोळा करायचं. मग त्यांच्याकडूनच त्यांच्या घरचा कापूस निवडून घ्यायचा. पहिल्या वेचणीचा इकडे, किडक्या बोंडातली पिवळी कवडी तिकडे. घरोघर सगळं एका ढिगात टाकायची सवय होती, आणि व्यापारी त्या ढिगात हात घालून नेमकी कवडीच वर काढायचा आणि सगळ्यालाच कवडीचा भाव द्यायचा.

"मूठभर कवडी अख्ख्या ढिगाची इज्जत घालवते, बाई," चाचा सांगायचे. "अळीनं खाल्लं ते गेलं. जे वाचलं ते तरी हातातून जाऊ देऊ नोका."

त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही कुणी देत नव्हतं. पेन्शनमधून महिन्याला पेट्रोलची एक टाकी, एवढं चाचींनी मंजूर केलं होतं. त्या टाकीत जितकी गावं बसतील तितकी चाचांची. गाडीने अ‍ॅव्हरेज जास्त दिलं की एखादं गाव वाढायचं, कमी दिलं की एखादं गळायचं. हा हिशेब कळेपर्यंत मी त्यांना निव्वळ कंजूष समजत होते, आणि त्यांचे चाळे बघता कुणीही तेच समजलं असतं.

पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर निघाले तेव्हा त्यांनी माझी पिशवी ताणकाट्याला अडकवली. दारातच, सगळ्या गल्लीसमोर.

"हे काय काय भरलं?"

"पाण्याची बाटली, डबा, छत्री..."

"छत्री कायले? डिसेंबर हाय न, मॅडम." छत्री बाहेर. "बाटली एवढी मोठी काहून? तिकडच्या गावात पाणी नाई का?" बाटली अर्धी रिकामी झाली, जास्वंदीच्या झाडाला. आपण विमानतळावर आलो आहोत की काय, असं मला वाटलं. डिकीतलं सामान तर त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं. जॅकही काढला होता, पण चाचींनी तो भांडून परत ठेवायला लावला.

चाची स्वतः मात्र त्या गाडीत पाय ठेवत नसत. गाडी आली त्या पहिल्याच आठवड्यात चाचांनी त्यांना वजन विचारलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला असला प्रश्न! तेव्हापासून चाची माहेरी उमरखेडला जायच्या त्या लाल डब्यानेच. "एस्टीवाला तिकीट विचारते," त्या मला म्हणाल्या, "वजन नाई विचारत."

चाचा गाडी अनवाणी चालवायचे. चपलेतून पेट्रोल कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हॉर्न तर वाजवायचेच नाहीत, करंट जातो म्हणून. आता ही गाडी हळू चालली की इंजिन बंदच असतं आणि कसला म्हणून आवाज येत नाही. रस्त्यातल्या शेळ्या-म्हशींना तिचा पत्ताच लागायचा नाही. मग चाचा खिडकीतून मान बाहेर काढून अगदी गोड आवाजात म्हणायचे, "अवं माय, सरक न जराशी." एकदा म्हशीच्या पलीकडे म्हशीची मालकीण उभी होती. चाचांना ती दिसलीच नाही. तिने वळून जे काही सुनावलं, त्यातले निम्मे शब्द मला तोवर माहीत नव्हते. चाचा मात्र पुढच्या गावापर्यंत हसत होते.

टायरमधली हवा ते सूर्य उगवायच्या आत भरून घ्यायचे, टायर गार असताना. मोजायचं यंत्र स्वतःचं. हवावाल्याच्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि चाचांची गाडी वळताना दिसली की हवावाला चहाला निघून जायचा.

पण त्यांचं खरं तत्त्वज्ञान ब्रेकविषयी होतं. "ब्रेक मारला म्हणजे पुढचं पाह्यलं नाई," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. वळण दुरून बघायचं, पाय अलगद उचलायचा, गाडी आपोआप मंदावते आणि त्यातच बॅटरी भरते. हा नियम ते लग्नांना लावायचे, सरकारला लावायचे, आणि मलाही लावायचे. एकदा माझं साहेबांशी वाजलं. उद्या ऑफिसात जाऊन चांगली खरडपट्टी काढते, असं मी जिन्यातच जाहीर केलं. चाचा खाली टायर दाबून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, दुरूनच पाय उचला. भिंतीजवळ जाऊन ब्रेक मारू नोका." मी दुसऱ्या दिवशी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा साहेबांवर भांडणापेक्षा जास्त परिणाम झाला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की चाचा फार शहाणे होते. तसं काही नाही. कापूस आणि गाडी या दोन विषयांत आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज होता, आणि त्यातला निम्मा समज चुकीचा होता. मे महिन्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या उन्हात, ते एसी लावू द्यायचे नाहीत. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की गाडी मागे ओढली जाते. आम्ही त्या गाडीत अक्षरशः उकडून निघायचो. मी म्हटलं, "चाचा, मी मेले तर वजन कमी होणार नाही." ते म्हणाले, "बोलू नोका, बोलल्यानं गर्मी होते."

त्या उन्हाळ्यानंतरच अ‍ॅव्हरेज पडायला लागलं.

चौदाची बारा गावं झाली, बाराची दहा. चाचांनी आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग रस्त्यावर, मग माझ्यावर. चाचींच्या हातची खिचडी माझ्या अंगी लागली होती हे खरं, पण चार गावं भरतील इतकी नाही. सगळ्यात लांबचा, दारव्ह्याच्या पलीकडचा तांडा सर्वांत आधी गळला. कुणी विचारलं तर चाचा म्हणायचे, "त्या बायाईले आता सगळं समजते. माहं काय काम?" हे खोटं होतं. मी कामासाठी त्या तांड्यावर जायचे आणि तिथल्या कमलबाई दर वेळी मला विचारायच्या, "चाचा काहून येत नाई हो? आमचं काई चुकलं का?" मी येऊन चाचांना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी गाडीचा एअर फिल्टर दोनदा झटकला.

ईदला त्यांचा मुलगा नागपूरहून आला. तिथे एका बँकेत होता. सरळ, समजूतदार, बापाची काळजी करणारा मुलगा. गाडी सुरू केल्याबरोबर समोर पिवळा दिवा लागलेला त्याने पाहिला. त्या घरात आपापसात हिंदी चालायची, बाहेर वऱ्हाडी, आणि चिडले की दोन्ही.

"अब्बा, बॅटरी जा रही है. बेच देते हैं."

"कोन घेणार?"

"भंगारवाला तर घेईन. जंगलच्या रस्त्यात बंद पडली, मोबाईलले रेंज नाई, मंग? तुमचं वय काय हाय, अब्बा?"

"गाडीचं सांग. माह्या वयाचं काढू नोको."

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. मला त्याचंच म्हणणं पटत होतं, आणि त्याचाच मला राग येत होता. गाडी गेली तर फेरा संपला, हे त्या अंगणात सगळ्यांनाच माहीत होतं. एस्टीने दिवसाला एक गाव झालं तरी पुष्कळ, आणि चाचांचे गुडघे एस्टीच्या पायऱ्यांना केव्हापासूनच दाद देत नव्हते.

शेवटी चाचांनी पैज लावली. दिवाळीपर्यंत गाडीचं पहिलं अ‍ॅव्हरेज आणून दाखवतो, नाही आलं तर किल्ली तुझी.

"गावात नोका सांगू," मुलगा म्हणाला. "किलोमीटरमध्ये सांगा."

चाचांनी नाइलाजाने किलोमीटरमध्ये सांगितलं. मी पंच ठरले.

मग दुरुस्त्यांचं सत्र सुरू झालं. चाचा एखादा फेरा मारून आले की खाली वाकून चारही चाकांना तळहात लावायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. मागचं डावं चाक नेहमी जास्त गरम लागायचं. गावातल्या रशीद मिस्त्रींनी ते उघडलं तर ब्रेक सुटतच नव्हता, चाकाला चिकटून घासत होता. "घ्या," मिस्त्री म्हणाले, "तुमी ब्रेक मारत नाई, तर तोच मारून राह्यला." ब्रेक मोकळा झाला, चाकांचं अलाइनमेंट झालं, ऑइल बदललं. एक गाव परत आलं. पण पिवळा दिवा जाईना आणि मागचं अ‍ॅव्हरेज काही येईना.

आणि मग माझ्या ओढणीने शोध लावला. मी नेहमी मागच्या सीटवर बसायचे. सीटच्या कडेला एक छोटी जाळी होती आणि सुरुवातीच्या दिवसांत माझ्या ओढणीचं टोक त्या जाळीवर जाऊन चिकटायचं. सारखं सोडवावं लागायचं. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की बऱ्याच महिन्यांत ते चिकटलेलं नाही. मी सहज बोलून गेले, "चाचा, ही जाळी आता ओढणी ओढत नाही."

चाचांनी त्या दिवशी चक्क ब्रेक मारला.

रशीद मिस्त्रींनी आधीच सांगून टाकलं की बॅटरीच्या जबर करंटच्या नारंगी तारेला मी हात लावणार नाही, लेकरंबाळं आहेत मला. नागपूरच्या एका वर्कशॉपवाल्याला फोन लावला. त्याने काय बंद करायचं, काय काढायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते नीट सांगितलं. मागची सीट निघाली. जाळीच्या आत एक पंखा होता. गाडीच्या आतली हवा ओढून बॅटरीला गार ठेवणं एवढंच त्याचं काम. पण पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी कापसाचा एक घट्ट, मळकट बोळा होता.

चाचा प्रत्येक गावातून मूठ-मूठ कापूस नमुन्याला आणायचे, पुढच्या गावच्या बायकांना दाखवायला. उघड्या पिशवीत, मागच्या सीटवर, त्या जाळीच्या अगदी शेजारी. वर्षभर ती गाडी कापसातून श्वास घेत होती, आणि मे महिन्यात तर तिला श्वासालासुद्धा उकळती हवा. बॅटरी तापली की गाडी तिला विश्रांती देते आणि सगळा भार पेट्रोलवर टाकते. गावं गळत होती ती अशी.

"चाचा," रशीद मिस्त्री बोळा हातात धरून म्हणाले, "हे गाडी हाय का जिनिंगचा कारखाना?"

चाचांनी तो बोळा घेतला. मला वाटलं फेकतील. त्यांनी त्यातली एक बट सोडवली, दोन अंगठ्यांत धरून ओढली, उजेडात पाहिली. "हे पयल्या वेचणीचा. धागा चांगला हाय." दुसरी बट काढली. "हे कवडी." तोंड वाकडं करून त्यांनी ती बाजूला ठेवली. आम्ही दोघं बघतच राहिलो. गॅरेजच्या ओट्यावर बसून त्या माणसाने आपल्या गाडीचा गळा घोटणाऱ्या कापसाचे दोन ढीग लावले. मग मात्र त्यांचे हात थांबले.

"जिंदगीभर लोकाईले सांगतलं, कापसात कचरा येऊ देऊ नोका," ते म्हणाले. "आन् माह्या गाडीत कापूसच कचरा झाला."

त्यानंतर नमुने चाचींच्या झाकणाच्या डब्यात जाऊ लागले. एसी थोडा का होईना चालू राहू लागला, "बॅटरीसाठी, मॅडम, तुमच्यासाठी नाई." पिवळा दिवा गेला. पण जुनी बॅटरी ती जुनीच. पहिलं अ‍ॅव्हरेज येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर मुलगा आला आणि परीक्षेचा दिवस ठरला. नेर ते उमरखेड आणि परत. नेरच्या बाहेरच्या पंपावर चाचांनी टाकी भरायला लावली. पंपाची नळी आपोआप कट होऊन थांबली की गाडी दोन्ही हातांनी हलवायची, पेट्रोल खाली बसलं की पुन्हा कट लागेपर्यंत भरायचं. परत आल्यावर त्याच पंपावर अगदी तसंच भरायचं. जितकं मावेल तितकं खाल्लं, हा साधा हिशेब. मुलगा पुढे बसला, मी मागे. चाचींनी भावासाठी लोणच्याची बरणी दिली होती. चाचांनी ती काट्याला लावली नाही. काही गोष्टींत त्यांनाही पुढचं दिसायचं.

तसं गाडी चालवणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद. चढ यायच्या आधी ते थोडा वेग घ्यायचे आणि माथ्यावर पाय उचलायचे. उतारावर गाडी नुसती सरकत राहायची. बाजूला पऱ्हाटी फुटलेली, शेतांत वेचणीच्या बायकांच्या ओळी. मुलगा आधी घड्याळ बघत होता, मग समोरच्या पडद्यावर, ताकद इंजिनची की बॅटरीची ते दाखवणारे बाण बघायला लागला. "अब्बा, अब बॅटरी पे है," तो एकदा उत्साहाने म्हणाला आणि लगेच पुन्हा घड्याळाकडे बघायला लागला. उमरखेडला चाचांनी मेहुण्याकडे उभ्या उभ्या चहा घेतला आणि बरणी दिली. मेहुण्याने बदल्यात ज्वारीचं पोतं देऊ केलं तेव्हा चाचा जवळजवळ पळतच गाडीत येऊन बसले.

परतताना दिग्रस मागे पडलं तोवर पडद्यावरचा आकडा पैजेच्या चांगलाच पुढे होता. चाचा काहीतरी गुणगुणत होते. मी मनातल्या मनात पैज जिंकून मोकळी झाले होते.

दारव्हा यायच्या थोडं आधी, तांड्याच्या फाट्यावर दोन बायका उभ्या होत्या. पायाशी दोन मोठी गाठोडी. मी दुरूनच ओळखलं, तांड्यावरच्या कमलबाई आणि त्यांची सून. चाचांनीही ओळखलं असणार, कारण त्यांनी फार आधी पाय उचलला. गाडी हळूहळू मंदावत बरोबर त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"अब्बा, शर्त?" मुलगा हळूच म्हणाला. चाचांनी काच खाली केली.

"तुमी आले नाई, मंग आमीच निंगालो," कमलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण चाचांनी मान खाली घातली. "निवडून ठेवला हाय सगळा. नेरचा व्यापारी म्हणते, आज बाजार उठायच्या आत आणून दाखवा, पाह्यल्याशिवाय गावात गाडी पाठवत नाई. सकाळपासून उभ्या हाओ. काळीपिवळी जीप आलीच नाई."

ज्या माणसाने माझी छत्री काढून ठेवली होती, तो खाली उतरला आणि त्याने स्वतः गाठोडी उचलली. एक डिकीत बसलं. दुसरं कुठेच बसेना. बायका माझ्या शेजारी आल्या आणि ते गाठोडं चाचांनी मुलाच्या मांडीवर ठेवलं. स्वच्छ लुगड्यात घट्ट बांधलेलं, एक धागा बाहेर नाही.

मग चढ आले. इंजिन घरघरायला लागलं, बाण उलटे फिरले, आकडा खाली खाली येऊ लागला. चाचांनी पडद्याकडे बघणंच सोडून दिलं. मागे कमलबाईंची सून सांगत होती, तांड्यावर कुणी कुणी निवडला, कोण हसलं, सासरा काय म्हणाला. बोलता बोलता तिने पुढे हात घालून गाठोड्याच्या कोपऱ्यातून एक बट काढली आणि मुलाच्या हातात दिली. "पाहा न, दादा, धागा." त्याने ओढली. ती मधेच तुटली.

"असं नाई, दोन्ही अंगठे. तुमी ग्रेडरसाहेबाचे पोरगे न?" ती हसून म्हणाली आणि तिने ओढून दाखवलं. त्याने पुन्हा करून पाहिलं. या वेळी धागा नीट निघाला. त्याने तो बराच वेळ बोटांत धरून ठेवला. चाचा रस्त्याकडे बघत होते, पण त्यांचे कान मागे होते, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

बाजार उठायच्या आत आम्ही पोचलो. व्यापाऱ्याच्या माणसाने दोन्ही गाठोड्यांत कोपरापर्यंत हात घातला. खालून वर, वरून खाली. कवडी काही हाताला लागली नाही. "हा वेगळा तोला," तो म्हणाला, "उद्या गावात गाडी पाठवतो." कमलबाईंनी चाचांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या व्यापाऱ्याशी भावावरून भांडायला लागल्या होत्या, आणि चांगल्या भांडत होत्या.

पंपावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सकाळचाच पंपवाला होता. चाचा स्टिअरिंग धरून बसून राहिले. मुलगा उतरून नळीजवळ उभा राहिला आणि मीटरवरच्या आकड्यांकडे बघू लागला. मी पंच, म्हणून मीही उतरले. आकडे पळत होते. आणि कट लागायच्या आधीच मुलाने पंपवाल्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बस. झालं. भरली."

मी मीटर पाहिला. तिथे थांबलं असतं तर चाचा जिंकले असते, अगदी थोडक्याने. मी मुलाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. त्याच्या शर्टावर, दोन्ही बाह्यांवर कापसाचे तंतू चिकटले होते. पंचाने बोलायला हवं होतं, पण मला बोलायचंच नव्हतं.

चाचा दार उघडून अनवाणीच खाली उतरले.

"कट लागला का?" त्यांनी पंपवाल्याला विचारलं.

पंपवाला मुलाकडे बघू लागला.

"भर," चाचा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात टपावर ठेवून गाडी हलवली, एकदा, दोनदा, आणि मग कट लागेपर्यंत पेट्रोल भरून घेतलं. आकडा पुढे गेला. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. मीही केला. चाचा पैज हरले होते.

त्यांनी किल्ली काढली, कुर्त्याला पुसली आणि मुलासमोर धरली. "ले बेटा. हारलो मी."

मुलाने किल्लीकडे पाहिलं, मग बापाच्या पायांकडे. पंपावरच्या सांडलेल्या तेलात ते अनवाणी पाय काळे झाले होते. त्याने मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला.

"चला, अब्बा," तो म्हणाला. "अम्मी वाट पाहत असन."

चाचा किल्ली तशीच हातात धरून उभे राहिले. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कुठे गाडीत बसले. मला पुढे बसावं लागलं. घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण शेजारी गाडी चालवणारा माणूस रडत होता, आणि ते कुणी पाहिलेलं त्याला अजिबात चाललं नसतं.